पुढे गेलेलं ताट

पडदा वर जातो. उंच छताची उपासनेची खोली, लाकडी बाकं, समोर पांढऱ्या कापडाचं मेज, त्यावर पावाचं ताट आणि प्याला. आजवर एवढंच नेपथ्य असायचं. आता मेजाशेजारी पितळी बैठकीत देशाचा झेंडा उभा आहे. पंखा फिरला की त्याचं टोक ताटावरून जातं.

पहिल्या बाकाच्या कोपऱ्यात बसलेत ते आमचे भावोजी, ताईचे यजमान. चर्चचे पाळक होणाऱ्या मुलांना धर्मशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आवाज इतका बारीक, की आमच्या नाटक कंपनीत कुणी त्यांना भालदारही केलं नसतं. पण हसले की शेवटच्या रांगेला ऐकू जायचं.

सीमेवर कुरबुरी सुरू झाल्या आणि चर्चच्या कमिटीनं ठरवलं, की प्रभुभोजनाआधी, म्हणजे या मेजावरचा पाव वाटण्याआधी, सगळ्यांनी उभं राहून देशनिष्ठेची शपथ घ्यायची. भावोजी कमिटीपुढे गेले. देशावर माझंही प्रेम आहे, म्हणाले, पण या मेजाला बोलावणारा देव आहे, आपण नुसते वाढपी. शिवाय सीमेपलीकडून जीव घेऊन आलेल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आपल्यात बसतात, त्यांनी कुठल्या तोंडानं ही शपथ घ्यायची? सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला, सर किती सुंदर बोललात म्हणाले. शपथ मात्र कायम राहिली. टाळ्या मिळूनही नाटक पडतं, ते मी पुष्कळदा पाहिलंय.

भावोजी शपथेला उठणार नाहीत हे कळल्यावर ताई काकुळतीला आली. "बसायचंच असेल तर बसा. गुडघे धरलेत म्हणून सांगते मी लोकांना."

"गुडघे ठणठणीत आहेत गं. तीच तर पंचाईत आहे."

त्या रविवारी बाकं करकरली, सगळे उठले. त्या बाईंना एकटीनं बसावं लागू नये म्हणून भावोजी बसून राहिले. शपथ संपली आणि पाळक उभ्या माणसांच्या हातांवर पाव ठेवत आले. ते भावोजींचेच विद्यार्थी. भावोजींपुढे थबकले, वाकून हळूच म्हणाले, "सर, मंडळीपासून फटकून राहील त्याला वाढायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं; गरिबांना तुच्छ लेखणाऱ्या बड्या लोकांना वठणीवर आणायला. भावोजींनी मान डोलावली. ताट पुढे गेलं.

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकापाशी त्या बाई ओंजळ पुढे करून उभ्या होत्या. परक्या देशाची शपथ त्यांनी शब्द न् शब्द म्हटली होती.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी भावोजींना गाठलं. नजर वर उचलेना. माझी सगळी गिऱ्हाइकं इथलीच, म्हणाल्या, न उठून कसं चालेल?

भावोजी हसायला गेले. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या मलाही ते ऐकू आलं नाही.

"तुम्हाला मिळाला ना पाव? मग बरं झालं. मला वाटलं, तुम्ही एकट्या पडाल."