बटण कुठे जाणार?

आमच्या इमारतीतले एक पुणेकर इंजिनिअर मला टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनवर रोज भेटतात. नमस्काराआधीच म्हणतात, "ऐकलंत का? कॉम्प्युटरच्या नव्या सिस्टिममध्ये बटणं काचेसारखी दिसणार म्हणे!" मग हवेत बोटाने अख्खा पडदा काढून दाखवतात. मला हसू यायचं.

परवा त्यांच्याकडे गेले, तर शेजारच्या जपानी आजी कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मागच्या अपडेटमध्ये व्हिडिओ कॉलचं बटण जागचं हललं आणि महिनाभर त्यांना नातीशी बोलता आलं नव्हतं. म्हणून यंदा इंजिनिअरांनी चाचणीची आवृत्ती आधीच घेऊन आजींचा सराव चालवला होता.

तिसऱ्या प्रयत्नात आजींना बटण सापडलं. नात दिसताच त्यांनी टाळ्या वाजवल्या.

इंजिनिअर लगेच उठले. "चला, आपण चहा टाकू," मला म्हणाले, "त्यांना निवांत बोलू दे."