माती का अग्नी

क्रांती चौकाच्या पुलाखाली आम्ही पडून असायचो. तिथं दुपारी ती बाई डबे घेऊन यायची. गळ्यात क्रूस, पायात रबरी चप्पल. बेवारस मेलेल्यांचं शेवटचं सगळं तीच करायची. जेवू घालून झालं, की एकेकाला हळूच विचारायची, "माती का अग्नी?"

मी तापानं पडले, तेव्हा मलाही विचारलं.

"एवढ्यात कशाला, बाई?"

"एका आजीला विचारायचं राहिलं. अंदाजानं पुरलं. तवापासून माझ्यासंगंच फिरती, बोलत नाय."

मला काही विचारणारं कुणी उरलंच नव्हतं. "माती," मी म्हणाले. "आमच्यात मातीच देतात."

तिनं माझ्या पायांवरून हात फिरवला. उठली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "चला, आजी."

मला भीती वाटली. तरी मी पाय आखडून वाट दिली.