सेक्रेटरी साहेबांचा रुमाल

सेक्रेटरी साहेबांनी माझ्या हातातलं बायबल घेतलं. खिशातून पांढरा रुमाल काढला. माझी बोटं लागली होती तेवढंच पुसलं, आणि मग पाहुण्या गोऱ्या साहेबापुढे धरलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जबलपुरात बायबल वाटणाऱ्या संस्थेचं गोदाम होतं. तिथे मी फौजींसाठी शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तकांचे गठ्ठे बांधायची. बाबा त्याच संस्थेची पुस्तकं विकायचे. पाठीवर पेटी घेऊन, खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांपासून बरगीच्या खेड्यांपर्यंत पायी. आम्ही महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. संस्थेचे सेक्रेटरी साहेबही ख्रिस्तीच, पण त्यांचे आजोबा ब्राह्मण होते. ते साहेब विसरले नव्हते, आम्हालाही विसरू देत नव्हते.

बाबा तिथेच पेटी भरत होते. माझं तोंड पाहून म्हणाले, "काहून रडून राहिली? धूळ होती वं त्याच्यावर."

धूळ कुठली? मीच ते आत्ता नव्या खोक्यातून काढलं होतं. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, याचं मला अजून रडू येतं.

बंगल्यांतल्या बायका पुस्तक ओट्यावर ठेवायला लावत आणि पाणी शिंपडून उचलत. बाबा ते हसण्यावारी नेत. "वाचलं नाही ना अजून त्यायनं. वाचतील तं सुधरतील." या एका वाक्यावर त्यांनी जन्मभर पेटी वाहिली.

"पण साहेबांनी तं वाचलं आहे," मी त्या दिवशी म्हणाले. "पाठ आहे त्यायले."

बाबांनी पेटीचं झाकण लावलं. पेटी उचलून चालू लागले.

पुढच्या थंडीत न्यूमोनियाने ते गेले. आमच्यात मयताच्या छातीवर घरचं बायबल ठेवतात, शवपेटी बंद करताना घरचं माणूस ते काढून घेतं. आमच्या घरात बायबलच नव्हतं. कागदाची टंचाई होती, तेव्हा बाबांनी स्वतःचं स्टेशनावर एका फौजीला देऊन टाकलं होतं. म्हणून साहेबांनी गोदामातलं आणलं. चर्चमध्ये बाबांबद्दल बरंच गोड बोलले.

मी छातीवरचं बायबल उचललं. साहेबांनी हात पुढे केला.

"आण बेटी, स्टॉकातलं आहे."

दुसऱ्या हातात रुमाल होता.

समोर शवपेटीत बाबा होते. मी बायबल घट्ट धरलं.

"धूळ नाही याच्यावर, साहेब. माझ्या बापाच्या छातीवर होतं हे."

सगळं चर्च ऐकत होतं. साहेब हळूच म्हणाले, "नोकरीचा विचार कर."

"केला."

बायबल मी घरी आणलं. पहिल्या कोऱ्या पानावर बाबांचं नाव लिहिलं, खाली माझं. गोदामात परत गेले नाही.

बाबा, तुमचं चुकलं. नुसतं वाचून कोणी सुधरत नाही. आता माझ्यापुढे जो रुमाल काढेल, त्याला मी चारचौघांत विचारणार, "काय पुसून राहिला?" आणि तो तोंडाने सांगेपर्यंत तिथून हलणार नाही.