बुडावरचं नाव

पनवेलला आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचींचे मिस्टर बोटीवर नोकरीला होते. त्यांनी चीनहून आणलेली निळ्या नक्षीची फुलदाणी खरंच जुनी आहे का, ते मी बघावं, असं चाचींचं म्हणणं होतं. जुनी चिनी मातीची भांडी पारखणं हेच माझं काम.

दुपारी खिडकीचा पडदा ओढून मी मोबाइलचा टॉर्च फुलदाणीत सोडला. पातळ काठ दुधासारखा उजळला. निळ्या डोंगरांमागून एक होडी हळूच पुढे आली, आणि तिच्याबरोबर मी किती लांब गेले कोण जाणे.

मग फुलदाणी उलटी केली आणि माझं डोकंच फिरलं. बनवणाऱ्याचा शिक्का असतो नेमक्या त्याच जागी, स्टीलच्या डब्यांवर घालतात तसं, मशीननं चाचींचं नाव कोरलेलं होतं.

“चाची, अहो, शिक्काच घालवलात की!”

“अगं बेटा, मोहल्ल्यातल्या प्रत्येक शादीत ही स्टेजवर ठेवायला न्यायचे. नाव नसतं तर घरी परत आली असती का?”

अहवालात ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना असतो. तिथे मी चाचींचं नाव लिहिलं.