शेजवळांचा बसलेला घसा

विठ्ठलवाडीत आमच्या आळीत लग्न ठरलं की हॉलच्याही आधी लोक प्रशांत शेजवळांना गाठायचे. एरवी ते विजेचे मीटर दुरुस्त करत आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा घालून, बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावत. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला गाथा ऐकू जावी.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात ते गाथा म्हणताना अडखळले. पुढची ओळ आठवेना. समोर बसलेल्या बायकांनी ती म्हटली, विधी पार पडला, लोक जेवायला गेले आणि विसरलेही. शेजवळांच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की, बायकांनी आपल्याला सगळ्यांदेखत उघडं पाडलं. ज्याला गाथा येत नाही त्याने लग्नं कसली लावायची? एका ओळीवरून चांगला माणूस स्वतःला पार निकालात काढतो, याचा मला भयंकर राग येतो.

मग लग्नाचं बोलावणं आलं की त्यांची छाती धडधडे, तळहात ओले होत. जेवण तुटलं, झोप उडाली. कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. विहारात जाणंही थांबलं. बायकोपासून सगळ्यांना एकच कारण, घसा बसलाय. माझं लग्न काकाच लावणार, असं लहानपणापासून सांगत आलेली पुतणी अमृता बोलवायला आली, तिलाही तेच सांगितलं. ती गेल्यावर मोरीत जाऊन रडले.

तिच्या लग्नात ते शेवटच्या रांगेत बसले. नवखा बौद्धाचार्य ऐन गाथेत अडला. शेजवळांच्या तोंडून पुढची ओळ निघून गेली, खणखणीत. त्या माणसाला उघडं पाडायचं त्यांच्या मनातही नव्हतं, सावरायचं होतं फक्त. त्या बायकांनीही तेवढंच केलं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

पण अमृताने वळून पाहिलं होतं. शेजवळांची मान खाली गेली ती विधी संपेपर्यंत वर आली नाही.

शुभेच्छा द्यायला ते सगळ्यांत शेवटी गेले. "घसा बसला नव्हता, बाळा. मी घाबरलेलो."

"मग तेच सांगायचं ना, काका," अमृता म्हणाली. "तुम्ही अडला असतात तर मी म्हटली असती पुढची ओळ. तुम्हीच तर शिकवलीत."

तिचं लग्न लागून गेलं होतं. ते आता शेजवळांना लावता येणार नव्हतं.