अण्णांच्या आवाजात

भाताला जरा वेळ लागेल, सावकाश जेवा, एवढंच मला माईकवरून सांगायचं होतं. तेवढं सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण माईक हातात आला की माझ्या अंगात येतं. कळंबला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, मांडवात पंगत बसलेली, आणि मी ते अण्णांच्या आवाजात सांगितलं.

अण्णा म्हणजे आमच्या इंदापूरच्या बाजूचे एक पुढारी. त्यांची नक्कल सोपी आहे. आधी दोनदा खाकरायचं, मग ‘ऐका’ म्हणायचं आणि मग बराच वेळ काहीच बोलायचं नाही. लोक त्या गप्प राहण्यालाच टाळ्या देतात. मी खाकरलो, ‘ऐका’ म्हणालो, गप्प राहिलो आणि म्हणालो, “भाताचा प्रश्न लवकरच मार्गी लागेल. वरणासाठी वरपर्यंत पाठपुरावा चालू आहे.”

मांडव हसला. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, तेवढा ताटावरून उठला. “दाजी, पोट भरलं माझं,” म्हणाला, हात धुतले, मोटारसायकलला किक मारली आणि निरवांगीला निघून गेला. त्याच्या ताटातली जिलबी तशीच होती.

खरं तर त्या नकलेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच. बारामतीला आमच्याकडं आला की पायातल्या चपला काढायच्या आधी म्हणायचा, “दाजी, अण्णा करा की.” मी केलं की लोळायचा. एका लग्नात तर त्यानंच मला खुद्द अण्णांच्या पुढं ढकललं होतं. अण्णा पोट धरून हसले. म्हणाले, “माझ्यापेक्षा बरं बोलताय. पुढच्या सभेला तुमीच जावा, मी झोपतो जरा.”

पण साखरपुड्याच्या आधी महिनाभर अण्णांचा गट फुटला होता. अण्णा एकीकडं, त्यांचा उजवा हात दुसरीकडं. गावोगावी चहाच्या टपऱ्या वाटून घेतल्या गेल्या, मग सोयरे वाटले गेले. कुणाला कुणावर हसता येईल याचीही वाटणी झाली होती, ते मला शहाण्याला कळलं नाही. मेव्हणा अण्णांच्या गटात, माझे चुलतभाऊ दुसऱ्या. त्यांच्या मांडवात, त्यांना हसवायला, मी मेव्हण्याच्या अण्णांना उभं केलं होतं.

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. बायकोनं पाट मांडला, निरांजन लावलं. फाटक वाजलं की ती बाहेर यायची. एकदा दूधवाला निघाला, एकदा नुसताच वारा. शेवटी दिवेलागणीला ताट घेऊन ती गच्चीवर गेली आणि बारीक कोर दिसत होती तिला ओवाळून आली. जिला भाऊ नसतो ती बाई चंद्राला ओवाळते. हिचा भाऊ तासाभराच्या रस्त्यावर होता.

तिचा फोन तो उचलत नव्हता. मी निरवांगीला गेलो, तर त्याच्या बायकोनं “रानात गेल्यात” म्हणून सांगितलं. त्याच्या चपला दारातच होत्या. मी चहा प्यालो आणि परत आलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा चंद्रच. बायको मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी विनोद केला असता, हे तिला ठाऊक असावं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर दोन्ही गट एक झाले. अण्णा आणि त्यांचा उजवा हात एकाच हारात मान घालून उभे राहिले. “आमचं भांडण नव्हतंच, तुमचाच कायतरी गैरसमज झाला,” अण्णा म्हणाले आणि सभा हसली. फोनवर ती सभा बघताना मला मेव्हणा दिसला. पार मागं, खांबाला टेकून. तो हसत नव्हता.

मला वाटलं, आता कसली अडचण? लेकीनं नवं सिम घेतलं होतं, त्या नंबरवरून दुपारी मी त्याला फोन लावला. दोन वाक्यं अण्णा करायचे, मग “अरे, मी दाजी” म्हणायचं. तो शिव्या घालील, मग हसेल, मग भाऊबीजेला येईल, असा माझा हिशेब.

दोनदा खाकरलो. “ऐका,” म्हणालो.

“अण्णा?” पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “थांबा, बाहीर येतो.”

ही नक्कल त्यानं शंभरदा ऐकलेली. पण त्या फोनची तो इतके दिवस वाट बघत होता, की आवाज तपासायला थांबला नाही.

“तुमी फोन कराल असं वाटलं नव्हतं, अण्णा. मी काय मागत न्हाय. तुमचं जमलं, लई ब्येस झालं. फकस्त एवढं सांगा, आमी आता कुणाशी बोलायचं? तुमची चेष्टा केली म्हून दोन वर्सं बहिणीच्या दारात गेलो न्हाय मी. अक्का फोन करती, मी नुसता वाजू देतो. आता मी जाऊ का, अण्णा? का अजून थांबू?”

‘अरे, मी दाजी’ हे तीन शब्द तोंडात होते. ते बाहेर आले असते तर त्या माणसाला पुन्हा कुणासमोर मान वर करता आली नसती. आणि ‘जा’ म्हणायचं, तर ते मी कोण म्हणणार? काहीतरी बोलावं म्हणून मी खाकरलो, तेही नेमकं दोनदा. तिकडून “व्हय अण्णा, व्हय, समजलं” असं आलं. काय समजलं कुणास ठाऊक. मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी चुलतभावाकडून कळलं, निरवांगीत त्यानं पेढे वाटले. अण्णांचा स्वतः फोन आला म्हणून.

त्या दिवशी बायको करंज्या करत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादा किस्सा मी कुणाचाही आवाज न काढता सांगितला. मला वाटलं, ती लाटणं फेकून मारील. तिनं हातातल्या करंजीची कड दुमडली, आणि विचारलं, “आवाज बारीक झालाय का त्याचा?”

“नाही. होता तसाच आहे.”

आणखी दोन करंज्या झाल्या. मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “उद्या परत लावा. तसंच खाकरा. म्हणावं, जा बहिणीकडं. माझं न्हाय ऐकायचा त्यो, अण्णांचं ऐकंल.”