आमची काही खास नाही

मैदानाच्या कडेला, टचलाइनवर उभे असलेले बाप आपल्या पोरांबद्दल खोटं बोलतात, हे मला आधीपासून माहीत होतं. पण कुणाचं खोटं मस्करी म्हणून सोडून देतात आणि कुणाचं खरं धरून चालतात, हे कळायला माझ्या बहिणीचा अख्खा सीझन जवळपास वाया गेला.

बहीण तेरा वर्षांची. मी तिच्याहून बरीच मोठी, जन्म पुण्याचा, शाळेत असताना इकडे आलेली. ती पूर्ण इथलीच. मँचेस्टरची ट्राम संपते तिथून बसने आणखी पुढे आमचं गाव. रविवारी सकाळी त्या गावात चर्च सोडलं तर रग्बी लीगचं मैदान तेवढं जागं असतं. एका मैत्रिणीबरोबर ती सहज तिथे गेली आणि गुडघे फोडून, खूश होऊन घरी आली. बाबांनी पुण्याला आत्याला फोनवर समजावलं, कबड्डीसारखंच आहे, फक्त चेंडू घेऊन पळायचं. आत्या म्हणाली, दात सांभाळा.

या खेळात चेंडूवाल्या मुलीला खाली पाडलं की ती उठते, चेंडू पायाने मागे सरकवते, आणि मागे वाकून उभी असलेली मुलगी तो उचलून पुढे काय करायचं ते ठरवते. असं सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. ती वाकून उभी असलेली मुलगी म्हणजे माझी बहीण. टीममध्ये सगळ्यात बुटकी. कोच म्हणतो, तिला जमिनीवर राहायला आवडत नाही. पडली की सगळ्यांच्या आधी उठलेली असते.

त्या सीझनला विभागाच्या डेव्हलपमेंट स्क्वॉडसाठी मुली निवडायला एक माणूस यायचा. साठीच्या पुढचा, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात चहाचा फ्लास्क. तो एकटाच कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभा राहायचा आणि चेंडूकडे बघायचाच नाही. चेंडू एका टोकाला गेला तरी याची नजर अजून मागे, जिथे मघाशी टॅकल झाला, कुणाला तरी पाडलं, तिथे. कोण उठलं, कोण कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं, चूक झाल्यावर कोण कुणाकडे बोट दाखवतंय, हे तो बघायचा. हे मला दिसलं, कारण मी खेळापेक्षा बघणाऱ्यांकडे जास्त बघते. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते आणि दारोदार वाटते. दार उघडणारा हातातल्या कागदाकडे बघतोय की माझ्या चेहऱ्याकडे, हे ओळखायची सवय त्या कामाने लागली आहे.

त्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. आमचं घर सोडलं तर त्या टचलाइनवर सगळे गोरे. अशा ठिकाणी कुणी एकटा उभा राहून ठरवणार, कोण आत आणि कोण बाहेर, म्हटल्यावर मी त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवणारच.

म्हणून मी शपथेवर सांगू शकते की त्याला माझी बहीण आवडली होती. तो बघत होता त्या एका सामन्यात तिच्या हातून आपल्याच गोललाइनपाशी चेंडू सुटला, समोरच्यांनी तो लाइनपलीकडे टेकवून ट्राय केला, गुण घेतले. ती मान खाली घालून उभी राहिली नाही. पुढच्याच डावात तिच्या दुप्पट दिसणाऱ्या मुलीच्या पायांना तिने मिठी मारली, तिला आडवी केली आणि ती मुलगी आकाशाकडे बघत असताना ही उठून लाइनमध्ये परत. फ्लास्कवाल्याची मान हलली. अगदी थोडी, पण हलली. सामना संपल्यावर तो बापांच्या घोळक्याकडे गेला. मी तेव्हा चहाच्या टपरीपाशी ओल धरलेल्या घरांबद्दलची पत्रकं वाटत होते. तेवढीच पाच-दहा मिनिटं माझी नजर हटली.

पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगनंतर कोचने सांगितलं, निवड झाली नाही. तिला पहिल्यांदा मैदानावर नेणाऱ्या त्या मैत्रिणीची झाली होती. मैत्रीण चांगली खेळते, त्यात वाद नाही. पण ती चूक झाली की पाय आपटते, आणि हे त्या माणसाने बघितलेलं मी बघितलं होतं.

बहीण रडली नाही. "इट्स फाइन," म्हणाली आणि दोन दिवस घरात फक्त इंग्रजी बोलली. आमच्या घरात हे रडण्यापेक्षा वाईट असतं.

मी कोचला गाठलं. तो बिचारा पोस्टमन, आठवडाभर पायपीट करून रविवारी फुकट शिकवणारा, माझ्याकडे न बघता म्हणाला की ते लोक 'होल पिक्चर' बघतात. हा शब्द मला कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात बऱ्याचदा भेटलाय. एक कारण सांगायचं नसलं की संपूर्ण चित्र पुढे करतात. बसमधून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं. वर ठळक मथळा, खाली एक आरोप, एक मागणी. पत्रकात 'कदाचित' लिहायचं नसतं.

बहिणीला सांगितलं तर ती इंग्रजीतच म्हणाली, "ताई, प्लीज पत्रक काढू नकोस. मग मी फक्त पत्रकवाली होणार."

पत्रक काढलं नाही. पण रविवारी शेजारच्या गावात मुलांचा सामना होता, तिथे तो कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी असणार हे माहीत होतं. गेले आणि सरळ विचारलं, माझ्या बहिणीत काय कमी होतं.

तो दचकला नाही. खेळात काहीच कमी नाही, म्हणाला. जमिनीवरून अशी उठणारी मुलगी त्याने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. पण स्क्वॉडचं ट्रेनिंग हिवाळाभर, आठवड्यातून दोन संध्याकाळी, मोटरवेच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या अनुभवात पोरं सोडत नाहीत, पोरांना घेऊन येणारे सोडतात. म्हणून तो आधी आईबापांशी बोलतो. माझ्या बाबांशीही बोलला होता. मुलगी छान खेळते, असं त्यानेच म्हटलं होतं. त्यावर बाबांनी सांगितलं की छे छे, ती काही खास नाही, आळशी आहे, अभ्यास वाढला की हे सगळं बंद होईल.

बाबा असं म्हणाले असणार, यात मला क्षणभरही शंका आली नाही. शब्द न् शब्द बाबांचा.

पण त्याच घोळक्यातला तिच्या मैत्रिणीचा बापही माझ्या ओळखीचा होता. छपरं दुरुस्त करणारा, भोंग्यासारख्या आवाजाचा. आमची पोरगी कुचकामी आहे, चेंडू सोडा, तिला सर्दीसुद्धा पकडता येत नाही, ख्रिसमसपर्यंत टिकली तर माझी टोपी खाईन, हे तो दर रविवारी साऱ्या मैदानाला ऐकवायचा. मी फ्लास्कवाल्याला विचारलं, की त्याचं बोलणं का धरलं नाही.

"तो? तो नेहमी मस्करी करतो."

"आणि माझे बाबा मस्करी करत नव्हते कशावरून?"

त्याने फ्लास्कचं झाकण हळूहळू फिरवून बंद केलं. "ते हसले नाहीत, लव्ह."

लव्ह इथली म्हातारी माणसं कुणालाही म्हणतात, त्याचं मला काही नाही. पण त्याचं उत्तर प्रामाणिक होतं की तिथल्या तिथे सुचलेलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिले आणि मला सापडलं नाही. दोघांचे शब्द तेच. एकाचे हवेत गेले, दुसऱ्याचे त्याच्या मुलीच्या अंगावर पडले. सीझनचा शेवटचा सामना अजून व्हायचा होता. येऊन बघतो, म्हणाला, पण कबूल काहीच करत नाही.

घरी बाबा शाळेचे शर्ट इस्त्री करत होते. मी विचारलं, तर त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटेना. समोरच्याने कौतुक केलं की आपण नाही म्हणायचं, त्यात काय. परक्या माणसापुढे आपली मुलगी भारी आहे असं सांगत फिरायचं का. मी म्हटलं, हो. तेच करायचं. ते म्हणाले, शोभत नाही.

हाच माणूस सामन्यावरून परत येताना गाडीत एकेका टॅकलची चिरफाड करतो. हाच माणूस आत्याला फोनवर जेवण थंड होईपर्यंत सांगतो की पोरीचा हात कसा चालतो, पास कसा जातो. मी ऐकलंय. आणि हाच माणूस हॉस्पिटलच्या आयटी विभागात दर वर्षी साहेबापुढे बसून माझं काम ठीकठाक झालं म्हणतो. त्याने शिकवलेली पोरं बढती घेऊन त्याच्या डोक्यावर जाऊन बसली आहेत. हेही मी बोलून दाखवलं. बाबांनी इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

बहीण जिन्यावर बसून ऐकत होती. दोन दिवसांनी पहिल्यांदा मराठीत बोलली.

"बाबा, मला खूप जायचंय. तू ब्रिलियंट वगैरे नको म्हणू. तू तेच म्हण. आळशी, यूसलेस, काय ते. फक्त नंतर हस."

"उगाच कसं हसणार?"

"उगाच नाही. सगळे हसतात. आधी नाही हसायचं, नंतर. मी दाखवते."

आणि मग स्वयंपाकघरात जे झालं ते मला आजही सहन होत नाही. माझी तेरा वर्षांची बहीण छपरंवाल्याची नक्कल करत होती आणि पन्नाशीचे बाबा तिच्यामागून म्हणत होते, शी इज यूसलेस, आणि मग हा हा. पहिल्यांदा खोकल्यासारखं आलं. ती म्हणाली, खांदेपण हलव. त्या दोघांना मजा येत होती, हे कबूल करायला हवं. मला येत नव्हती. या देशात त्यांनी टॅक्स भरला, परीक्षा दिल्या, आता हसण्याचीही ट्रायल.

शेवटच्या सामन्याला बारीक पाऊस होता. या वेळी मी पत्रकं घरी ठेवली आणि बाबांच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले. बहीण खेळली तशीच खेळली. पडली, उठली. फ्लास्कवाला सामना संपल्यावर घोळक्याकडे आला आणि बाबांना म्हणाला, तुमची मुलगी आज चांगली दिसली.

बाबांनी घसा साफ केला. "यूसलेस," ते म्हणाले. "बोन आयडल. सकाळी तिला उठवायला क्रेन लागते."

बोन आयडल, म्हणजे हाडाची आळशी, हे शिकवलेलं होतं; क्रेन शिकवलेली नव्हती. मग जराशा उशिराने, खांद्यांसकट, ते हसले. छपरंवाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तो भोंगा वाजला. फ्लास्कवालाही हसला. मग आवाज खाली आणून, त्यांच्या नेहमीच्या इंग्रजीत बाबांनी सांगितलं की मंगळवार आणि गुरुवारची ड्यूटी त्यांनी बदलून घेतली आहे, हिवाळाभर. हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

त्या माणसाने मान हलवली. अगदी थोडी. "मग मंगळवारी आणा तिला."

त्याने ड्यूटीचं ऐकून होकार दिला की हसणं ऐकून, हे मी तेव्हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघूनही ठरवू शकले नाही. ड्यूटीचं ऐकून असेल तर माणूस खरं बोलत होता. हसणं ऐकून असेल तर मला त्याच्याशी अजून बोलायचं आहे. अजूनही मंगळवारी जमेल तेव्हा मी ट्रेनिंगला जाते आणि झेंड्यापासून फार लांब उभी राहत नाही.

त्या दिवशी गाडीत बहीण मागे बसली, चिखलाचे बूट पिशवीत, माउथगार्ड अजून गालात. बाबांनी वायपर लावले आणि आरशात तिच्याकडे बघून विचारलं, "हसणं वेळेवर आलं ना गं?"

"थोडं लेट," ती म्हणाली. "मंगळवारपर्यंत बसेल."